चेरी, वाळकी पानं, ओली माती

ग्लास धुणाऱ्या मावशींनी शेवटचा ग्लास खिडकीच्या उजेडाकडे धरला, मग नाकाशी नेला आणि तोंड वाकडं करून म्हणाल्या, "बाई, आज मुद्दाम बिघडलेली बाटली लावली होती का हो? सगळ्या ग्लासांना ओल्या पुठ्ठ्याचा वास मारतोय." मी शेजारच्या नळाखाली हात धरून उभी होते. पाणी गार होतं, एवढं मला कळत होतं. बाकी काही झालं नाही. छातीत धस्स व्हायला हवं होतं, तोंडचं पाणी पळायला हवं होतं. गेले दहा महिने माझं तसलं काही होत नाही. मी नळ बंद केला, हात पुसले, टॉवेल खिळ्याला लावला. तो वाकडा लागला म्हणून काढून पुन्हा लावला. वीसच मिनिटांपूर्वी, पलीकडच्या खोलीत, पांढरं कापड घातलेल्या टेबलाशी उभं राहून, याच ग्लासांतल्या वाइनबद्दल मी सगळ्यांना सांगितलं होतं: चेरी, आंबटसर, देठासकट, तिच्यामागून वाळकी पानं, आणि तळाशी नुकतीच नांगरलेली ओली माती. "हो मावशी," मी म्हणाले, "मुद्दामच लावली होती. परीक्षा होती."

ओला पुठ्ठा हा आमच्या धंद्यातला पहिला धडा. बुचात दोष असला की वाइन बाटलीतल्या बाटलीत मरते. फळ जातं, फूल जातं आणि पावसात बाहेर विसरलेल्या खोक्याचा वास तेवढा उरतो. ते विष नव्हे, पिऊन कुणाला काही होत नाही. पण वाइन चाखणाऱ्याला तो वास न कळणं म्हणजे सोनाराला पितळ न कळणं. मी बावीस वर्षं या कचेरीत बाहेरून येणाऱ्या वाइन चाखून थुंकते आणि कॅटलॉगमध्ये त्यांचं वर्णन लिहिते. आई लोकांना सांगायची, "थोरली दारू थुंकायचा पगार घेते," आणि समोरचा गोंधळला की स्वतःच हसून म्हणायची, "पण नाक काय आहे पोरीचं!" लहानपणी सगळे म्हणायचे, ही नाकाने कांदे सोलते, पुढे तोच माझा पोटापाण्याचा उद्योग झाला. मी बोलेपर्यंत चाखण्याच्या खोलीत कुणी तोंड उघडायचं नाही, हा नियमही माझाच. एकाने चेरी म्हटलं की दुसऱ्याच्या नाकात चेरी उगवते, हे मी पहिल्याच वर्षी पाहिलं होतं. उगवायचीच असेल तर खरी तरी उगवावी, म्हणून आधी मी बोलायचं. अधूनमधून मी खरंच एखादी बिघडलेली बाटली मुद्दाम लावायचे, कोण माझ्या हो ला हो करतो ते बघायला. आज सकाळी कोठारवाल्याने बूच काढलं, सवयीने नाकाशी नेलं, थांबला, माझ्याकडे पाहिलं आणि बूच टेबलावर ठेवून दिलं. हे सगळं मी पाहिलं होतं. पाहूनही त्याचा अर्थ लागला नाही, कारण मी ग्लासाच्या कडेची विटकरी झाक बघत होते. मी रंग बघते, बाटलीवर द्राक्ष कुठलं ते वाचते, वर्ष बघते, आणि बावीस वर्षांच्या साठ्यातून जे जुळेल ते काढून देते. विक्रीप्रमुखाने डोळे मिटून म्हटलं होतं, "आणि मागे किंचित तंबाखू." मी म्हणाले होते, "हो. तंबाखू आहे."

ताप मला आणि आईला एकाच आठवड्यात आला. माझा उतरला. आईचा उतरला नाही. त्यानंतर घरात माणसं येत राहिली, बसत राहिली, कुणी ना कुणी माझ्या हातात कॉफीचा कप देत राहिलं. कॉफी नुसती गरम आणि कडू लागायची. मला वाटायचं, घर रिकामं झालं की असंच होत असेल. नातेवाईक माझ्या धाकट्या बहिणीच्या कानाला लागून म्हणायचे, थोरली बधिर झाली आहे, तिला रडू दे. मी रडायला तयार होते. दुपारच्या वेळी सवड काढून, दार लावून बसायचे, पण काही व्हायचं नाही. वास गेलाय हे कळायला महिना लागला, आणि तेही शेजारणीने दार बडवून सांगितलं तेव्हा. दूध जळून पातेलं काळं झालं होतं, जिन्यात धूर गेला होता आणि मी त्याच स्वयंपाकघरात बसून वर्तमानपत्र वाचत होते. डॉक्टरने नाकात नळी घालून पाहिलं. म्हणाला, येईल कदाचित, कदाचित नाहीही येणार. रोज सकाळी हुंगायला त्याने चार छोट्या बाटल्या दिल्या: लिंबू, लवंग, गुलाब, निलगिरी. मी न चुकता हुंगते. लिंबू, लवंग आणि गुलाब म्हणजे नुसती हवा. निलगिरी नाकात थंड लागते, एवढाच फरक. कचेरीत पहिल्या दिवशी सांगून टाकायचं ठरवूनच गेले होते. पण समोर जी बाटली आली ती ओळखीची होती, सगळे गप्प राहून माझ्याकडे बघत होते, आणि माझ्या तोंडून जुनंच वाक्य बाहेर पडलं. कुणाला काही कळलं नाही. मग दुसरी बाटली, तिसरी. झाकली मूठ सव्वा लाखाची. गंमत अशी की त्यानंतरची माझी वर्णनं लोकांना जास्त आवडू लागली. पूर्वी मी सापडेल तेवढंच लिहायचे. आता लिहायला कशाचीच अडचण नव्हती.

दुपारी जेवणाच्या सुट्टीपर्यंत त्या परीक्षेची बातमी साऱ्या कचेरीभर झाली होती. मावशींनी कोठारवाल्याला सांगितलं, कोठारवाल्याने मालकांना. मालक हसत हसत माझ्या टेबलापाशी आले. "काय हो तुम्ही! मीसुद्धा मान डोलावली. चेरी, वाळकी पानं! आणि आमचे प्रमुख तर तंबाखू ओढून आले." मागे उभा असलेला कोठारवाला म्हणाला, "मला बूच काढतानाच कळलं होतं. म्हटलं, बाई बघताहेत कोण बोलतं ते. आपण कशाला मध्ये तोंड घाला?" मी हसले. हसताना गाल कुठे आणि किती वर न्यायचे ते मला पाठ आहे. मालक म्हणाले, तिसऱ्या प्रहरी त्याच वाइनची दुसरी बाटली उघडू, या वेळी खरी; वर्णन आजच छापायला द्यायचं आहे. ते गेल्यावर मी डबा उघडला. उकडलेलं अंडं, पाव, एक संत्रं. संत्र्याची फोड दाताखाली फुटली की आंबट येतं, गोड येतं, साल बोटांना चिकटते. संत्रं मात्र येत नाही. ते कुठे जातं कोण जाणे.

आईचंही तसंच झालं. आई घरी बसून लोकांचे कपडे शिवायची. तिला शिलाई मशीनच्या तेलाचा वास होता, कापडावर खुणा करायच्या खडूचा होता, आणि सर्दीसाठी रुमालावर टाकलेल्या निलगिरीचा. ही यादी मी झोपेतसुद्धा म्हणून दाखवीन. पण यादीच्या मागे आता कुणी नाही. तीन शब्द ओळीत उभे आहेत, एवढंच. चार महिन्यांपूर्वी धाकटीकडे गेले होते, तेव्हा मुलं शाळेत गेल्यावर तिने कपाटातून एक घट्ट बंद होणारी प्लास्टिकची पिशवी काढली. आत आईचा राखाडी स्वेटर होता. मी पहिल्या पगारातून घेतलेला, शुद्ध लोकरीचा. दर थंडीत आई तो गळ्याशी ओढून म्हणायची, "टोचतो मेला," आणि दर थंडीत मी म्हणायचे, चांगली लोकर टोचतेच, सवय होईल. बावीस हिवाळे तिने सवय केली. धाकटीने पिशवीचं तोंड बोटभर उघडलं आणि माझ्यापुढे धरलं. "ताई, बघ ना. अजून येतोय ना?" मी नाक आत घातलं. प्लास्टिक गालाला लागलं. "येतोय," मी म्हणाले. "तसाच?" "अगदी तसाच. मशीनचं तेल, खडू, निलगिरी." ती माझ्याकडे बघत राहिली. मग तिने घाईने पिशवी बंद केली आणि माझ्या हातात दिली. "मग तूच ने. तुझ्याकडेच राहू दे." तिचे डोळे भरून आले होते. मला वाटलं, समाधानाने. तेव्हापासून ती पिशवी माझ्या कपाटात वरच्या फळीवर आहे आणि मी ती उघडलेली नाही. वास अजून आत असेल तर माझ्यासमोर वाया जायचा, असा विचार करून मी ती हातातही घेत नाही.

आजच्या वाइनच्या खोक्यासोबत द्राक्षवालीचं पत्र आलं होतं. अशी पत्रं बहुतेक कारखान्यात छापल्यासारखी असतात. हे हाताने लिहिलेलं होतं आणि त्याचं भाषांतर कुणीतरी पेन्सिलने मागे केलं होतं. इटलीच्या कुठल्याशा डोंगरउतारावर तिची बाग आहे. वडिलांनी फवारणीची औषधं बंद केली तेव्हा शेजाऱ्यांनी त्यांना वेड्यात काढलं, पहिली तीन वर्षं पीक निम्म्यावर आलं. आता ती वेलींच्या ओळींमध्ये वाल आणि गवत पेरते, वसंतात तेच नांगरून मातीत मिसळते, द्राक्षं हाताने खुडते आणि सिमेंटच्या टाकीत आपली आपण आंबू देते. बाहेरून काही घालत नाही. फक्त बाटली भरताना चिमूटभर गंधक, तेही वाइन टिकावी म्हणून. पत्राच्या शेवटी लिहिलं होतं: "आम्ही तिच्यात काही घातलेलं नाही. कृपा करून तुम्हीही घालू नका." मी ते वाक्य वाचलं, पत्राची घडी घातली, घडी उलगडून पुन्हा वाचलं. लाज वाटायला हवी होती. लाज कशी वाटते ते मला नीट आठवत होतं: कान गरम होतात. मी कानाला हात लावून बघितला, गार होता.

तेवढ्यात विक्रीप्रमुख आला. हा चाळिशीचा, रुंद खांद्यांचा, मोठ्या आवाजाचा माणूस. हॉटेलवाल्यांना बोलता बोलता गुंडाळतो अशी त्याची ख्याती. आज दारातच उभा राहिला. "मॅडम, दोन मिनिटं?" खुर्चीत बसला आणि दोन्ही हात मांडीखाली घालून बसला, शाळेत बसतात तसा. "तंबाखूवरून सगळे हसले, त्याचं काही नाही," तो म्हणाला. "हसू देत. पण मला खरं सांगा. ग्लास पहिल्यांदा नाकाशी नेला तेव्हा मला पुठ्ठ्याचा वास आला होता. शपथेवर सांगतो. मग तुम्ही चेरी म्हणालात आणि मला चेरीच यायला लागली. पुठ्ठा गेलाच. असं कसं होईल? आता मला जेवणाचाही भरवसा वाटत नाही. डबा उघडला आणि तीन वेळा हुंगला. माझं नाक गेलं का हो, मॅडम? दोन पोरं आहेत, दुसरं काही येत नाही मला." आवाज त्याचाच होता, पण त्याची हवा गेली होती. मी त्याच्या कपाळावरचा घाम बघत होते आणि मला धाकटीचे भरून आलेले डोळे आठवत होते. ते का आठवावेत हे कळत नव्हतं. पण ते हलेनात. मला वाटलं, आता हे "परीक्षा होती" पुढे रेटायचं असेल तर या माणसाला रोज थोडं थोडं मारावं लागेल. त्याचंही काही वाटलं नाही मला, फक्त ते फार कष्टाचं वाटलं. मी दमले होते. "तुमचं नाक ठीक आहे," मी म्हणाले. "माझं गेलंय. परीक्षा नव्हती. बाटली बिघडली होती आणि मला ते कळलं नाही."

तो हसेल असं वाटलं होतं, किंवा उठून मालकांकडे जाईल. त्याने मांडीखालून हात काढले आणि म्हणाला, "अरे बापरे." आणि मग, "कॉफीसुद्धा नाही?" मी म्हणाले, कॉफीसुद्धा नाही. "मग ती दुसरी बाटली?" त्याने विचारलं. मी म्हणाले, चला. चाखण्याच्या खोलीत आम्ही दोघंच गेलो. त्याने बूच काढलं, हुंगलं, पुन्हा हुंगलं, आणि त्याचा चेहरा उजळला. "चांगली आहे. खूप चांगली आहे, मॅडम. सांगू कशी..." मी हात वर केला. नियम मोडायचा नव्हता. मी ग्लास फिरवला, एक घोट घेतला आणि दहा महिन्यांत पहिल्यांदा, काही आठवायचा प्रयत्न न करता, तोंडात आहे तेवढ्याकडे लक्ष दिलं. आधी जिभेच्या दोन्ही कडांना पाणी सुटलं, चिंच नुसती पाहिल्यावर सुटतं तसं. मग हिरड्या ओढल्या गेल्या. दातांवरून जीभ फिरवली तर ती सरकेना, खरखरीत कापडावर अडते तशी अडली. पण ही ओढ ओरबाडणारी नव्हती, बारीक होती, हळूहळू सुटत जाणारी. घशात ऊब उतरली. आणि अगदी शेवटी, गिळून टाकल्यावर, अक्रोडाच्या सालीचा असतो तेवढा कडवटपणा आला आणि थांबला. बराच वेळ थांबला. मी थुंकायचं विसरले होते. हे सगळं आधीही असणार, बावीस वर्षं असणार. चेरीच्या गडबडीत मी ते ऐकलंच नव्हतं.

वर्णनाच्या कार्डावर मी लिहिलं: "आंबटपणा भरपूर आणि स्वच्छ. हिरड्यांना बारीक ओढ. घशात ऊब. शेवटी कडवट, आणि तो कडवटपणा लांब राहतो. वासाबद्दल मला सांगता येणार नाही. मला वास येत नाही." खाली विक्रीप्रमुखाला त्याचं लिहायला सांगितलं. त्याने दहा मिनिटं पेन चावलं आणि लिहिलं: "चेरीच आहे. खरंच." ते कार्ड घेऊन मी मालकांकडे गेले. त्यांनी वाचलं, चष्मा काढला, पुसला, परत वाचलं. "कधीपासून?" "दहा महिने." "म्हणजे या वर्षीचा अख्खा कॅटलॉग..." "आठवणीतून लिहिला." ते खिडकीबाहेर बघत राहिले. खाली रस्त्यावर कुणीतरी मालाची गाडी मागे घेत होतं, तिची शिटी वाजत होती. "लोकांना फार आवडला तो," शेवटी म्हणाले, आणि ते मला बोलताहेत की स्वतःला, हे कळलं नाही. "तुम्ही घरी जा आज. उद्या बसून बोलू." उद्या काय बोलतील ते मला ठाऊक होतं आणि त्यांनाही. जाताना कोठारवाल्याने उरलेली बाटली बूच लावून माझ्या पिशवीत ठेवली.

घरी पोचले तेव्हा अजून ऊन होतं. मी बाटली ओट्यावर ठेवली, कपडे बदलले, खुर्ची ओढून वरच्या फळीवरची पिशवी काढली आणि ती मांडीवर घेऊन धाकटीला फोन लावला. तिच्याकडे भांड्यांचा आवाज येत होता. ती म्हणाली, "बोल ताई, हात ओले आहेत, स्पीकरवर टाकलंय." मी म्हणाले, "त्या दिवशी मी खोटं बोलले. मला आईच्या स्वेटरचा वास आला नव्हता. मला कशाचाच येत नाही. आई गेली तेव्हापासून." भांड्यांचा आवाज थांबला. नळही बंद झाला.

"पण तू तर तेल म्हणालीस. खडू म्हणालीस."

"पाठ आहे मला ते."

फोन कटला असं वाटून मी तो कानापासून दूर धरून बघितला. मग तिचा आवाज आला, अगदी जवळून. स्पीकर काढला असावा. "ताई, मलाही नव्हता येत. त्या दिवशी नाही, त्याच्या आधी महिनाभर नाही. मी रोज उघडायचे गं पिशवी. मुलं गेली की रोज. मीच संपवला तो. म्हटलं ताईचं नाक मोठं, तिला विचारू. आणि तू म्हणालीस, तसाच आहे. मला वाटलं, वास आहे, मलाच येत नाही. चार महिने मला वाटतंय, मी आईला विसरले. म्हणून तर तुला दिला."

"तुझं नाक ठीक आहे," मी म्हणाले. एका दिवसात हे वाक्य मी दुसऱ्यांदा म्हणत होते. पलीकडे ती रडायला लागली, मोठ्याने, लहानपणी रडायची तशी, मधेच नाक ओढत. मी फोन धरून बसले. तिचं होऊन जाऊ दिलं. मला तिचा हेवा वाटला, आणि हेवा वाटतोय हे कळल्यावर थोडं बरंही वाटलं. मग ती म्हणाली, "आता कशाला जपायचा? घाल तो."

मी पिशवी उघडली. आतली हवा बाहेर आली असेल. मला काही कळलं नाही. फोन टेबलावर ठेवून मी स्वेटर घातला. बाह्या मला आखूड होतात. डाव्या कोपरावर आईने वेगळ्याच रंगाच्या लोकरीने रफू केलं होतं, ते मी कधी पाहिलं नव्हतं. बटणं खालून वर लावत गेले, शेवटचं गळ्याशी लावलं आणि मान हलवली.

"घातलास?" टेबलावरून धाकटीने विचारलं. "टोचतो का गं खरंच? आई म्हणायची तसा?"

"हो," मी म्हणाले. "खूप टोचतोय."